तुमच्या कॉम्प्युटरवर आम्ही चालवतो ती स्क्रिप्ट: काय वाचते, काय वाचत नाही

ग्राहकहो,

वार्षिक देखभालीचा करार झाला की पहिल्या भेटीत आमचा माणूस पेन ड्राइव्हवरून तुमच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, चालवतो. स्क्रीनवर भराभर ओळी सरकतात आणि थोड्याच वेळात काम संपतं. ते पाहून काहीजण बिचकतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या मशीनवर कोण काय चालवतंय हे मालकाला कळायलाच हवं.

स्क्रिप्ट विंडोजमधल्याच पॉवरशेलकडून (लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडून) माहिती मागून घेते: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, प्रोसेसर, रॅम, डिस्कवरची जागा, विंडोजची आवृत्ती, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी) चिप. हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं. तुमची बिलं, टॅलीचा डेटा, फोटो, पासवर्ड यांना ती हात लावत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून आधी तुम्ही वाचा, मगच आम्ही ती नेऊ. एक प्रत तुमच्याकडेच राहते. उद्या देखभालीचं काम दुसऱ्या कोणाला दिलंत तरी ती उपयोगी पडेल.

सध्या सगळ्यात जास्त विचारणा विंडोजबद्दल होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. स्क्रिप्टने टीपीएम नाही म्हटलं म्हणून लगेच नवं मशीन घ्यायला धावू नका. पुष्कळदा ती सोय असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. ती चालू करून मगच आम्ही निर्णय सांगतो.

रॅमचंही तसंच. नुसतं ‘८ जीबी’ कळून भागत नाही. आठची एकच पट्टी आहे की चार-चारच्या दोन? पट्टी बसवायचा स्लॉट रिकामा असेल तर आणखी एक पट्टी घालून काम होतं. दोन्ही भरलेले असतील तर जुन्या काढाव्या लागतात आणि खर्च वाढतो. ही नोंद हाताशी असली की चवथीच्या तोंडावर, दुकानात गर्दी असताना मशीन अडलं तरी आमचा माणूस योग्य पार्ट घेऊनच निघतो. फोंड्याहून साखळीला दोन खेपा पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ‘रोज रात्री बंद करतो’ असं सांगणाऱ्यांच्या मशीनवरही स्क्रिप्टला शेवटचं बूट, म्हणजे विंडोज पूर्ण नव्याने सुरू होणं, कितीतरी दिवसांपूर्वीचं दिसतं. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, रिस्टार्ट केल्यावर होतं. म्हणून अपडेट आल्यावर रिस्टार्टच करा.

एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची) अवस्था, पंख्यातली धूळ, पावसाळ्यातल्या दमटपणाने आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने पोर्टना चढलेला गंज, यातलं काहीच स्क्रिप्टला दिसत नाही. त्यासाठी कॅबिनेट उघडावंच लागतं, आणि ते आम्ही त्याच भेटीत उघडतो.

स्क्रिप्ट तुमच्यासमोरच चालते. विंडोज परवानगी विचारेल तेव्हा ‘येस’ तुम्हीच दाबा. आमचं नाव सांगून कोणी फोनवरून लिंक पाठवली किंवा ॲप घालायला सांगितलं, तर फोन ठेवा आणि करारावरच्या नंबरवर आम्हाला कळवा. आम्ही स्क्रिप्ट लिंकने कधीच पाठवत नाही.