रात्रीत भरणारी कणगी

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे सायकलींचा सराव करणाऱ्या मुली आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यापैकी एक मुलगी तीन दिवस चालणाऱ्या शर्यतीसाठी निघाली, तेव्हा तिच्या आईने मला विचारले, "सर, रात्री हिला हलकंच जेवायला द्यायचं ना? पोटभर जेवलं की दुसऱ्या दिवशी सायकल जड जाते म्हणतात." हा समज घरोघरी आढळतो, आणि शरीरात प्रत्यक्ष जे घडते ते त्याच्या नेमके उलट असते, म्हणून हा लेख लिहीत आहे.

अनेक दिवसांच्या शर्यतीत प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ आधीच्या वेळेत मिळवला जातो आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती विजेती ठरते. २०२४ साली महिलांची टूर द फ्रान्स ही शर्यत सात दिवसांत आठ टप्प्यांची होती. एकाच मंगळवारी रॉटरडॅममध्ये दोन टप्पे झाले आणि शेवटचा टप्पा आल्प द्युएझ या घाटमाथ्यावर संपला. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास सायकल चालवल्यानंतर पोलंडची कासिया नियेवियादोमा नेदरलँड्सच्या डेमी व्होलरिंगपेक्षा केवळ ४ सेकंदांनी पुढे राहिली. पुरुषांच्या टूरमधील सर्वांत कमी फरकसुद्धा ८ सेकंदांचा आहे, तो १९८९ मधला. व्होलरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि तिथे तिचा बराच वेळ गेला, हे खरेच. परंतु पडल्यानंतरही शेवटच्या दिवशी घाटात तिला इतका जोर कुठून आला, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

त्याचे उत्तर ग्लायकोजेनमध्ये आहे. भात, भाकरी, केळे यांतील पिष्ट आणि साखर यांचे शरीरात ग्लुकोज होते, आणि हे ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून पेशी ग्लायकोजेन बनवतात. मधोमध एक प्रथिन, त्यापासून निघालेल्या साखळ्या, आणि त्या साखळ्यांना साधारण दर आठ ते बारा कणांनंतर फुटलेल्या फांद्या, अशी त्याची रचना असते. फांद्या जितक्या अधिक, तितकी मोकळी टोके अधिक. आणि ग्लुकोज तोडून देणारे विकर (एन्झाइम) टोकापासूनच काम करत असल्यामुळे घाटात अचानक जोर लावावा लागला, तर असंख्य टोकांपासून एकाच वेळी इंधन सुटू लागते. चरबीचा साठा कितीतरी मोठा असतो, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. चढावर वेग टिकवायचा तर ग्लायकोजेनच लागते.

प्रौढ माणसाच्या स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे सारा साठा दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासचा, आणि तीन तासांच्या जोरदार टप्प्यात तो जवळजवळ रिता होऊ शकतो. आपल्याकडे ज्वारी साठवण्याच्या जुन्या रीतीशी याचे मोठे साम्य आहे. यकृत हे गावाचे पेव समजावे. तेथील ग्लुकोज रक्तात उतरते आणि मेंदूपासून पायापर्यंत सर्वांना मिळते. स्नायू ही ज्याच्या त्याच्या घरातली कणगी. ग्लुकोज रक्तात परत सोडण्यासाठी जे विकर लागते ते स्नायूंच्या पेशींत नसल्यामुळे, हाताच्या स्नायूतला साठा पायाच्या उपयोगी पडत नाही. पायांची कणगी रिकामी झाली आणि पेवही तळाला गेले, की सायकलपटू ज्याला 'बॉन्क होणे' म्हणतात ती अवस्था येते: पाय शिशाचे होतात, डोके चालत नाही.

ही कणगी पुन्हा भरते कशी, हे स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी १९६६ मध्ये ज्या प्रयोगाने दाखवले, त्याच्या साधेपणाचे मला आजही अप्रूप वाटते. दोघे एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, तो पूर्ण थकेपर्यंत, पेडल मारले. दुसरा पाय स्वस्थ राहिला. पुढचे तीन दिवस त्यांनी पिष्टमय आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. रक्त तेच, जेवण तेच, संप्रेरकेही तीच. तरीही राबलेल्या पायातील ग्लायकोजेन विसावलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले. अधिक साठवण्याची आज्ञा राबलेल्या पेशीच्या आतूनच येते, हे त्यातून सिद्ध झाले.

त्याची यंत्रणा पुढे उलगडली. व्यायामामुळे ग्लुकोज आत घेणारी 'ग्लुट-४' नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आवरणावर येतात, आणि साठा जितका रिता, तितके ग्लायकोजेन जोडणारे विकर अधिक जागृत होते. पहिल्या तासाभरात तर इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहताही भरणी वेगाने होते. नंतर वेग मंदावतो, आणि पूर्ण भरण्यास सर्वसाधारणपणे २० ते २४ तास लागतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा टप्पा असेल तर हा सगळा वेळ हाताशी नसतो. म्हणून पहिले चार तास दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. पन्नास किलो वजनाच्या मुलीसाठी ती तासाला ५० ते ६० ग्रॅम होतात, म्हणजे मध्यम आकाराची दोन-अडीच केळी किंवा साधारण दोनशे ग्रॅम शिजलेला भात. आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी मला प्राणप्रिय आहे, पण शेंगदाण्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि तेलामुळे जठर सावकाश रिकामे होते. तिची वेळ रात्रीच्या जेवणाची. महागड्या डब्यांतील पावडरी मात्र साध्या दहीभातापेक्षा काही अद्भुत करतात, असे समजण्याचे कारण नाही.

आता बायकांविषयी वेगळे. सारख्याच सापेक्ष श्रमाला स्त्रियांचे शरीर पुरुषांपेक्षा थोडी अधिक चरबी वापरते, म्हणजे ग्लायकोजेन जपते. कॅनडातील संशोधकांनी १९९५ मध्ये स्त्री-पुरुषांच्या आहारातील कर्बोदकांचे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत वाढवले, तेव्हा पुरुषांचा साठा वाढला, स्त्रियांचा वाढला नाही. पुढच्या अभ्यासात उमगले की स्त्रियांचे एकूण जेवणच कमी असल्याने, टक्केवारी वाढूनही ताटात पुरेसे ग्रॅम आलेच नव्हते. एकूण आहार वाढवल्यावर त्यांचाही साठा वाढला. ज्या घरांत मुलीला शेवटी आणि बेताचे वाढले जाते, तिथे हा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवावा असे मला वाटते.

पाळीच्या दिवसांत सायकल चालवली की गर्भाशय सरकते, ही निखालस अंधश्रद्धा आहे. धोका आहे तो अर्धपोटी सराव करण्यात: ऊर्जा सतत कमी पडली की पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले.

त्या आईच्या बोलण्यात निरीक्षणाचा एक अंश होताच. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे पोटभर जेवलेल्या सायकलपटूचे वजन सकाळी किलो-दीड किलोने वाढलेले दिसू शकते. ती चरबी नव्हे. ते दिवसभराचे इंधन आहे, आणि सोलापूरच्या उन्हात, जिथे ग्लायकोजेन आणखी लवकर जळते, ते पाणीही हळूहळू मोकळे होते. हे सारे ऐकून बाईंनी एवढेच विचारले, "मग डब्यात दहीभात किती देऊ?" दोन डबे द्या, असे मी सांगितले: एक टप्पा संपताच, घाम वाळण्याआधी, आणि दुसरा त्यानंतर दोन तासांनी.