फ्रूट केक (घरगुती, हिवाळी)

सुका मेवा मैद्याहून जास्त असलेला, घट्ट पोताचा केक. मूळ युरोपातले, आपल्याकडे तो नाताळाबरोबर रुळला. मेवा परंपरेने रममध्ये मुरवतात. मराठवाड्यात त्यासाठी मोसंबीचा रस हाताशी असतो आणि चवीत तो कुठेच कमी पडत नाही. जालना, अंबड, पैठण हा मोसंबीचा पट्टा. जालना मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

सात इंच रुंद, तीन इंच खोल भांड्यासाठी : मैदा २०० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, दालचिनी-जायफळाची पूड अर्धा चमचा, मेवा ३०० ग्रॅम. मेव्यात काळे मनुके, बेदाणे, खजूर, जर्दाळू यांचा वाटा मोठा असावा. टुटीफ्रुटी बेताचीच घालावी. ती साखरेत मुरलेली कच्ची पपई, तिने केक नुसता गोड होतो.

मेवा बारीक चिरून १२० मिलि रसात रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावा. रस हातानेच हलका पिळावा. मिक्सरमध्ये बिया आणि पांढरा पापुद्रा भरडला गेला की रस कडवट होतो. रंगासाठी ६० ग्रॅम साखर कोरडी वितळवून गडद तांबूस झाली की गॅस बंद करून ६० मिलि गरम पाणी धारेने घालावे. ती जोरात उसळते, हात लांब ठेवावा. काळी पडू दिली तर सगळा केक कडू.

खरी कसोटी थंडीची. परभणीकडे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा बटर घट्टच राहते, साखरेबरोबर फेसत नाही. बोट दाबल्यावर खळगा पडेल इतके ते मऊ हवे. दुपारी, घर उबदार असताना फेटायला घ्यावे. वितळवू मात्र नये, वितळलेले बटर हवा धरत नाही आणि केक गच्च बसतो. अंडी थंडगार असतील तर मिश्रण फाटते. ती आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत, एकेक करून घालावीत. फाटलेच तर चमचाभर मैदा घातल्याने सावरते. मग गार केलेला साखरपाक, चाळलेले कोरडे जिन्नस आणि शेवटी निथळून, थोड्या मैद्यात घोळवलेला मेवा हलक्या हाताने मिसळावा. पीठ सैल असले किंवा मेवा ओला राहिला की तो तळाशी जातो.

भांड्याला तळाशी व कडेने बटर पेपर लावावा. ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला ६० ते ७५ मिनिटे. कुकर वापरायचा तर रिंग आणि शिट्टी काढावी, पाणी घालू नये. तळाला मिठाचा थर, वर जाळी, दहा मिनिटे तापवून मग मंद आचेवर तासाहून थोडे जास्त. पहिली ४५ मिनिटे झाकण उघडू नये, मध्यभाग खचतो. वर भेग पडून आत कच्चा राहिला, तर आच मोठी होती. सुरी कोरडी बाहेर आली की झाला.

अंड्याऐवजी १५० ग्रॅम ताजे दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चालतो, पण हा केक दोन-तीन दिवसांतच संपवावा. अंड्याचा आठवडाभर टिकतो. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. इथल्या कोरड्या हवेत उघडा राहिला तर कडा रातोरात वाळतात. कापायचा दुसऱ्या दिवशी, तोवर मेव्याचा ओलावा सगळीकडे पसरतो. रम लावतात तसा वरून मोसंबीचा रस मात्र लावू नये, बुरशी धरते.