जुना एसएमपीएस, नवं कार्ड आणि मधला अडॅप्टर : पार्श्वभूमी

एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा. त्याच्या जुन्या २० पिनी प्लगला कन्व्हर्टर लावून २४ पिनी मदरबोर्ड चालवायचे दिवस आजच्या मानाने सरळ होते. २००३ साली वाढलेल्या चार पिनांत नवा व्होल्टेज एकही नव्हता, ३.३, ५, १२ आणि ग्राउंड यांची एकेक तार वाढली, एवढंच. अडचण होती ती आत. जुन्या एसएमपीएसची ताकद ५ आणि ३.३ व्होल्टवर, तर २००० साली चौकोनी चार पिनी प्लग आला तेव्हापासून प्रोसेसर १२ व्होल्टकडे वळलेला. लेबलवर ठळक ३५० वॅट छापलेलं असलं, तरी १२ व्होल्टच्या रकान्यात १२ अँपिअर असतील तर हातात उरतात १४४ वॅट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कन्व्हर्टर घेता येई, तो रकाना मात्र तेवढाच राही.

ग्राफिक्स कार्डांना वेगळा प्लग लागू लागल्यावर हे अंतर जास्त बोचू लागलं. सहा पिनी म्हणजे ७५ वॅट, आठ पिनी म्हणजे १५०. साटावरून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगवरून, सहा पिनी करून देणारी तार त्यात सर्वांत वाईट. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, एकूण ५४ वॅट. कार्ड ७५ मागू शकतं आणि मधली तार त्याला अडवत नाही.

२०२२च्या निर्णयाचं मूळ इथेच आहे, आणि तो मला आजही पटत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या प्लगच्या नव्या मानकाने (12VHPWR) एकाच लहान प्लगमधून ६०० वॅट द्यायचं ठरवलं. १२ व्होल्टच्या सहा पिना, प्रत्येकी ९.५ अँपिअरच्या, म्हणजे जेमतेम ६८४ वॅटची क्षमता; उरलेल्या सहा पिना ग्राउंडच्या. जुन्या आठ पिनीत कमाल क्षमता आणि ठरवलेला भार यांत भरपूर मोकळी जागा होती. इथे ती जवळजवळ संपली.

त्या बारा पिनांशेजारी चार बारीक पिना असतात. त्यांतल्या दोन ग्राउंडला जोडल्या आहेत की मोकळ्या, यावरून कार्डाला १५०, ३००, ४५० की ६०० वॅट घ्यायचे ते कळतं. म्हणजे आपली ताकद किती, हे पुरवठा करणाऱ्यानेच सांगायचं. जुन्या एसएमपीएसला ही भाषाच येत नाही, म्हणून त्याच्या वतीने अडॅप्टर बोलतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डासोबत आलेला अडॅप्टर आठ पिनी प्लग मोजायचा: तीन लावले तर ४५०, चार लावले तर ६००. त्या प्लगांमागचा एसएमपीएस कितीचा आणि किती वर्षं चाललेला, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. ही ग्वाही पुरवठा न तपासता दिलेली होती.

ऑक्टोबर २०२२मध्ये वितळलेल्या प्लगांचे फोटो येऊ लागले. पिनांभोवतीचं प्लास्टिक फुगून काळं पडलेलं. जगभरात सुमारे ५० प्रकार कळल्याचं आणि प्लग पूर्ण न बसणं हे मुख्य कारण असल्याचं नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने अधिकृतपणे सांगितलं. कारण खोटं नव्हतं. पण अर्धवट बसलेल्या प्लगमधूनही कार्ड पूर्ण भार ओढू शकत होतं, आणि तो दोष वापरणाऱ्याचा नव्हे, रचनेचा.

पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीतून हे एका अर्थी मान्य झालं. कार्डावरच्या सॉकेटमधल्या त्या बारीक पिना आखूड केल्या. आता प्लग नीट आत गेल्याशिवाय त्या टेकत नाहीत, आणि वॅट सांगणाऱ्या त्या दोन पिना मोकळ्या राहिल्या तर कार्डाला मिळणारा संकेत पूर्वीसारखा १५० नव्हे, शून्य वॅटचा. सहा तारांत प्रवाह सारखा वाटला जातो की नाही, हा प्रश्न मात्र या दुरुस्तीच्या बाहेरच राहिला. २०२५च्या सुरुवातीला ५७५ वॅटचं आरटीएक्स ५०९० आलं तेव्हा फेब्रुवारीतच वितळलेले प्लग पुन्हा दिसले. त्याही कार्डाच्या खोक्यात जुन्या एसएमपीएससाठी चार आठ पिनी टोकांचा अडॅप्टर होता.