संक्रमणकालीन न्यायाची मागणी : आणीबाणी आणि ठाणे जिल्हा

दडपशाहीची राजवट कोसळल्यावर तिच्या काळातल्या अन्यायांची तड लावण्यासाठी समाज जे मार्ग धरतो, त्या सर्वांना मिळून संक्रमणकालीन न्याय म्हणतात. ही संज्ञा १९९० च्या दशकात रूढ झाली. त्यामागची मागणी मात्र फार जुनी आहे आणि लोकांच्या तोंडी ती एवढीच असते : झाल्या गोष्टीचा हिशेब द्या. या हिशेबाची खाती चार. काय घडले ते उघड व्हावे, ज्यांनी केले त्यांना शिक्षा व्हावी, ज्यांनी सोसले त्यांना भरपाई मिळावी आणि पुन्हा असे घडणार नाही याची तजवीज व्हावी. चारही खाती पूर्ण झाल्याचे उदाहरण जगात शोधूनही सापडणे कठीण. कोणते खाते आधी उघडते आणि कोणते कोरेच राहते, यावरून त्या समाजात कोणाचा आवाज पोहोचतो ते कळते.

भारतात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे १९७७ साली उभा राहिला. २५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत अशांततेचे कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली; ती २१ मार्च १९७७ रोजी, निवडणुकीचे निकाल लागत असताना उठली. या निवडणुकीत ठाणे लोकसभा मतदारसंघाने आणीबाणीत स्थानबद्ध असलेल्या जनसंघाच्या रामभाऊ म्हाळगींना निवडून दिले. त्या वेळचा ठाणे जिल्हा आजच्याहून कितीतरी मोठा होता. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा हे आदिवासी तालुके त्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे ठाण्याच्या दृष्टीने आणीबाणीचा विचार करताना नौपाडा किंवा डोंबिवलीच्या चाळीतला मिसाबंदी (अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे 'मिसा'खाली डांबलेला कैदी) जसा समोर येतो, तसा पाड्यावरचा माणूसही यायला हवा. प्रत्यक्षात पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, दुसऱ्याबद्दल फारच थोडे.

मिसाखालच्या अटकेचे स्वरूप समजून घ्यायचे तर त्या आदेशाचा कागदच पाहावा. अंतर्गत सुरक्षा कायदा १९७१ चा, म्हणजे आणीबाणीच्या आधीचा. जून १९७५ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि त्यात कलम १६-अ घालण्यात आले. त्यानंतर अटकेची कारणे सांगण्याचे बंधन उरले नाही. माणसाचे नाव, कलमाचा आकडा, अधिकाऱ्याची सही आणि शिक्का, एवढ्यावर माणूस आत जाई. ठाणे, कल्याण, डोंबिवली भागातल्या घरांची मग येरवड्याला किंवा नाशिकरोडला मुलाखतीसाठी ये-जा सुरू होई. का पकडले, किती दिवस ठेवणार, याचे उत्तर घरच्यांना देण्यास कोणी बांधील नव्हते. कोर्टात जावे तर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही मार्ग बंद केला. जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला की आणीबाणी असेपर्यंत बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असे सांगणारा, अर्ज चालणार नाही. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, चुकीचा ठरवला आणि तसे लिहिणाऱ्यांत त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. न्यायसंस्थेने स्वतःची चूक स्वतः नोंदवणे हाही संक्रमणकालीन न्यायाचाच भाग मानावा लागतो. फक्त त्याला ४१ वर्षे लागली.

सत्तांतरानंतर लोकांच्या मागणीला सरकारने दिलेले पहिले उत्तर म्हणजे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणारा शाह आयोग. २८ मे १९७७ रोजी माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह यांची नेमणूक झाली. आयोगाकडे ४८,००० हून अधिक तक्रारी आल्या. नव्याने मोकळा श्वास घेणाऱ्या समाजाने दोन-तीन महिन्यांत एवढे कागद लिहून पाठवावेत, यापेक्षा त्या मागणीचा मोठा पुरावा नाही. दिल्लीत पतियाळा हाउसमध्ये जाहीर सुनावण्या झाल्या. १९७८ च्या मार्च, एप्रिल आणि ऑगस्टमध्ये मिळून तीन अहवाल सादर झाले. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली (लोकांच्या भाषेत 'डीआयआर') मिळून देशभर एक लाखाहून अधिक माणसे आत गेली होती, असे त्यांतून पुढे आले.

शिक्षेच्या खात्यात मात्र घाईने घोळ झाला. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी इंदिरा गांधींना अटक झाली आणि पुरेसा आधार नसल्याने दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडले. १९७९ साली विशेष न्यायालयांचा कायदा झाला, पण त्याच वर्षी जुलैत सरकार पडले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि खटले विरले. आयोगाचा अहवालही दिसेनासा झाला. माजी खासदार एरा सेळियन यांनी तो २०१० साली पुन्हा छापून लोकांपुढे आणला, तेव्हा कुठे वाचकाच्या हाती आला.

याच्याशी अर्जेंटिनाची तुलना उद्बोधक आहे. तिथे लष्करी राजवट १९८३ मध्ये संपली, बेपत्ता लोकांचा शोध घेणाऱ्या आयोगाने ८,९६१ नावांची नोंद केली आणि १९८५ मध्ये लष्करप्रमुखांवर खटला चालला. नंतरच्या कायद्यांनी बाकीच्या आरोपींना अभय मिळाले, तरी अहवाल घराघरांत होता आणि प्लाझा दे मायोच्या चौकात बेपत्ता मुलांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी फेरी काढत राहिल्या. २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द केले आणि खटले पुन्हा उभे राहिले. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने वेगळा रस्ता घेतला : सत्य जाहीरपणे कबूल करणाऱ्याला माफी. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी ८४९ जणांनाच ती मिळाली. अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातील आणि डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधील राजवट पडल्यावर पहिली धाव घेतली ती बेपत्तांच्या नातेवाइकांनी, गुप्त कोठड्यांकडे आणि तुरुंगांकडे. आपले माणूस कुठे आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता.

भारतात चौथे खाते, म्हणजे पुनरावृत्ती टाळण्याची तजवीज, त्यातल्या त्यात बरे भरले गेले. मिसा १९७८ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' असे शब्द घातले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक केला आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरवले. खटल्याविना स्थानबद्धता मात्र गेली नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा एमपीडीए (झोपडपट्टीदादा वगैरे धोकादायक ठरवलेल्यांना स्थानबद्ध करण्याचा कायदा), ज्याखालच्या स्थानबद्धतेच्या बातम्या ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर आजही वाचायला मिळतात. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का ते पाहणाऱ्या सल्लागार मंडळाविना माणसाला किती काळ डांबता येईल ती मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे ४४ व्या दुरुस्तीतले कलम ३ तर अधिसूचनेअभावी अद्याप लागूच झालेले नाही. संसदेने मंजूर केलेले हे कलम कोणत्याच पक्षाच्या सरकारने अमलात आणले नाही, ही गोष्ट माझ्या मते अहवाल गायब होण्याइतकीच गंभीर आहे.

भरपाईचे खाते महाराष्ट्रात २०१८ साली उघडले. एक महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्यांना दरमहा १०,००० रुपये, त्याहून कमी काळासाठी ५,००० रुपये आणि पश्चात पती किंवा पत्नीला निम्मी रक्कम, असे मानधन ठरले. सरकार बदलल्यानंतर २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये आणखी एका बदलानंतर पुन्हा सुरू झाले आणि २०२५ मध्ये दुप्पट झाले. हक्काची भरपाई सरकारगणिक चालू-बंद होत नाही. म्हणून हे मानधन गौरवाचेच राहिले, न्यायाचे झाले नाही. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा आणि सोबत तुरुंगवासाचा पुरावा जोडायचा. कारण न देता माणसाला उचलून नेणारा तो मिसाचा कागद चाळीस वर्षांनी असा उपयोगी पडला. सत्याग्रह करून डीआयआरखाली काही दिवसच आत राहिलेल्यांना जुने दाखले शोधत फिरावे लागले.

आणीबाणीचा घाव सोसलेला आणखी एक मोठा वर्ग या हिशेबात आलाच नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. राजकीय कैद्यांमागे पक्ष होते, संघटना होत्या, आठवणी लिहिणारे हात होते. दबावाखाली शिबिरात नेल्या गेलेल्या मजुरामागे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडेही सही-शिक्क्याचा एक कागद होता, शस्त्रक्रियेचा दाखला. मानधनाच्या अर्जासोबत जोडायच्या पुराव्यांत त्या दाखल्याला जागा नाही.