पानं किती? : नाशिकच्या एका केटरिंगमागची गोष्ट

फोन उचलला की माझ्या मामांचा पहिला प्रश्न ठरलेला : "पानं किती?" लग्न कुणाचं, कुठल्या कार्यालयात, हे सगळं नंतर. माणसं पानांत मोजायची ही सवय धंद्यापेक्षा जुनी आहे, आणि ती पंचवटीतल्या वाड्यांतून आलेली आहे.

गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान प्रांतवार वाटलेले. कुठल्या गावचं कुठलं घराणं कधी येऊन गेलं, ते वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. रामकुंडावरचे विधी उरकले की यजमान बहुधा गुरुजींच्याच वाड्यात उतरायचा, तिथेच जेवायचा. १८६१ साली रेल्वे नाशिकला आली आणि यात्रेकरू वाढले. एकट्या घरच्या बायकांना झेपेना तसे आचारी लागू लागले. मामांचे आजोबा असेच आचारी. सोवळं नेसून, विहिरीचं पाणी स्वतः ओढून रांधायचे.

त्या पंगतीत कोण बसायचं आणि कोण नाही, हेही ठरलेलं होतं. २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच पंचवटीत. घरात आतिथ्याच्या गोष्टी निघतात तेव्हा हा भाग गाळला जातो, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

मामांच्या वडिलांनी सोवळं सोडलं आणि कॅन्टीनचं कंत्राट धरलं. नाशिकरोडला टपाल तिकिटं छापणारी सरकारी प्रेस १९२५ पासूनच होती, ओझरला विमानं बनवणारी एचएएल १९६४ साली आली, मग सातपूर-अंबडचे कारखाने. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानुसार अडीचशेवर कामगार असले तर कॅन्टीन ठेवावंच लागायचं. लग्नं मुहूर्तावर चालतात, चातुर्मासात हात रिकामे. कॅन्टीनचा पैसा मात्र दरमहा येतो. घर चाललं ते त्या पैशावर, नाव झालं ते लग्नांच्या पंगतींवर.

दहावीच्या सुट्टीत मी मामांकडे वाढपी होतो. पहाटे चारला भट्ट्या पेटायच्या. मामा मसालेभाताच्या पातेल्याला कान लावून उभे राहायचे. आतला खदखदाट बदलला की झाकणावर निखारे ठेवायला सांगायचे. तांदूळ घोटी-इगतपुरीकडचा, तोही जुना, कारण नवा तांदूळ गिचका होतो. वाढपाचा क्रम चुकला तर ओरडा ठरलेला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि वरणभाताच्या मुदीवर तूप पडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तूप वाढायला मामा कुणा पोराला पाठवत नसत, स्वतः जात. "यजमान तिथेच ओळखला जातो," म्हणायचे. तोवर बुफे आला होता, तरी शेवटची पंगत पाटांवरच बसायची.

बोर्डावर नाव मामांचं. गोडा मसाला मात्र मामीचा. दगडफूल किती भाजायचं, खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं, ते फक्त तिला ठाऊक. त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबली विधीला आलेल्या यजमानांचं तीन दिवसांचं जेवणही तीच बसवते, कांदा-लसणाशिवाय. लासलगावच्या जिल्ह्यात बिनकांद्याचा स्वयंपाक चवीला उतरवणं हे सोपं काम नव्हे. हिशेबाची वहीही तीच लिहायची. पोरांच्या शाळेच्या बैठकीला मात्र दोघांपैकी कुणीच कधी गेलं नाही. मामेबहीण अजून ते बोलून दाखवते.

गंगापूर रोडला, संभाजीनगर रस्त्याला लॉन्स झाले तसे चाट, पास्ता, हळदीच्या सकाळी मिसळ असे काउंटर आले. ताटाचा भाव वाढला, उधारीही वाढली. एका यजमानाने पन्नास पानं जास्त जेवू घातली आणि पैसे दिले आधी ठरलेल्याच पानांचे. मामांनी पुन्हा मागितले नाहीत, मामी मात्र आजही तो आकडा सांगते. २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचविसांची. पंचवीस पानांसाठी भट्टी काय पेटवायची? त्या काळात घरच्या गॅसवर डबे केले, मामेभाऊ ते स्कूटरवरून पोचवायचा.

आता धंदा मामेभाऊच बघतो. २०२७ च्या सिंहस्थात अन्नछत्रांना स्वयंपाकी पुरवायचे म्हणून त्याने याद्या करायला घेतल्यात. जिन्नस, माणसं, सिलिंडर, सगळं मोबाइलमध्ये. मसाल्याचा रकाना तेवढा रिकामा आहे. मामी म्हणते, "हात बसला की सांगेन."