'आम्ही' की 'आपण'? सीमाभागातल्या बायबलवाचनामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी आणि कानडी बायबल एकाच घरात सापडणं नवलाचं नाही. शाळा कानडीतून झालेली, प्रार्थना मात्र मराठीतून. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून एकच वचन वाचलं की एरवी नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी दिसू लागतात.

बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिलाच अध्याय घ्या. सुरुवातीला 'आम्ही' आहे: आम्ही जे पाहिलं, ऐकलं, ते तुम्हालाही सांगतो. साक्षीदार एकीकडे, वाचणारे दुसरीकडे. नवव्या वचनाला येईपर्यंत 'आपण' झालेलं असतं: 'जर आपण आपली पापे पदरी घेतली'. आता सांगणारा आणि ऐकणारा एकाच बाजूला बसलेत. कानडीत दोन्हीकडे 'नावु'च. मूळ ग्रीकमध्येही हा भेद नाही. म्हणजे इथे 'आम्ही' आणि तिथे 'आपण' हे मराठी भाषांतरकारांना प्रत्येक ओळीपाशी थांबून ठरवावं लागलं. (आणि 'पदरी घेणे' हा शब्द ज्यांना सुचला, त्यांचा कान खरोखर मराठी होता.)

हा निर्णय एका माणसाचा नाही. मिशनरी विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, 1811 मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, आला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने 1826 मध्ये आपला वेगळा नवा करार काढला. त्यानंतर दुरुस्त्या होतच राहिल्या. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं.

बेळगावचा धागा इथेच जुळतो. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये बळ्ळारीहून इथे आले. त्याच सोसायटीचे जॉन हँड्स बळ्ळारीत कानडी भाषांतर करत होते. संपूर्ण कानडी बायबल 1831 मध्ये पुरं झालं, आणि त्याच वर्षी बेळगावात मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी जन्मले. ते इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, 1854 मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. वचनातला एकेक शब्द मराठीत उलगडून सांगण्याचं हे काम आपल्या गावच्या माणसाने केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

उलट बाजूचं उदाहरण, म्हणजे ग्रीकमध्ये असलेला भेद मराठीत झाकला जाण्याचं, लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. येशू आपला शिष्य पेत्र याला हाक मारतो आणि म्हणतो, सैतानाने 'तुम्हांला' चाळायला मागितलं, पण मी 'तुझ्यासाठी' विनंती केली. ग्रीकमध्ये पहिलं अनेकवचन, दुसरं एकवचन. भरभर वाचणाऱ्याला 'तुम्हांला' हा पेत्राला दिलेला मान वाटतो. कानडी 'नीवु'मध्येही तीच फसगत होऊ शकते. पुढच्या ओळीतला 'तू' दिसला की उलगडतं: चाळणीत सगळेच शिष्य आहेत, आणि विनंती त्या एकट्यासाठी आहे.