एकाच तारखेला दोन गायक जन्मले म्हणजे ती तारीख सुरांची?

"अमक्या तारखेला दोन मोठे गायक जन्मले, त्या दिवशी जन्मलेल्याच्या गळ्यात सूर असतोच" हा फॉरवर्ड आमच्या सांगलीतल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. वाचायला भारी वाटतं, मलाही वाटायचं.

पण हिशोब बघा, २३ माणसं घेतली की त्यांच्या जोड्या होतात २५३, आणि त्यातल्या एखाद्या जोडीचा वाढदिवस एकच निघायची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते, ५० जण घेतले तर जवळपास ९७ टक्के. मग गाजलेले गायक-वादक तर शेकड्यांनी आहेत, तारखा जुळणारच की. शिवाय आपल्या देशात रोज हजारो पोरं जन्मतात, सगळी कुठं गातात?

खात्री करायचीय तर गणपती मंडळातल्या तीसेक जणांच्या तारखा लिहून काढा, बहुतेक वेळा जोडी सापडेल. फक्त जुन्या लोकांची १ जून धरू नका, ती बऱ्याचदा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली असते 😄 मग तसंच पैलवानांच्या, क्रिकेटवाल्यांच्या तारखा बघा, तिथंही जोड्या निघतील. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या घरांतही हात बसतो तो लहानपणापासून बघून-करून, तारीख कुठलीही असो.